पायाला न कळणारं पेडल

आमच्या सकाळच्या सायकल ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं आणि त्याला शुगर असली, की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. "शोभाताईला विचारा, त्यांनी भोगलंय." मग तो माणूस विचारतो, "ताई, साधं पेडल बरं का बूट अडकवायचं?" एका वाक्यात सांगावं असं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून झालं ते सगळं एकदा लिहून काढते. वाचून तुमचा गोंधळ मिटेल असं मात्र म्हणत नाही. माझाच अजून पुरता मिटलेला नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नवरा भोकर तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून लग्न झाल्यापासून मीही सरच म्हणते. आमची एकुलती एक तेजू. ती त्या वर्षी लातूरला खोली घेऊन मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. मला शुगर बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू, पथ्य कधी चालू कधी बंद, आणि दिवसभर खुर्चीत बसून काम. "चाला, नाहीतर सायकल चालवा," असं डॉक्टर दर वेळी म्हणायचे. चालायचा मला कंटाळा. सायकल मात्र माझ्या मैत्रिणीनं, हरप्रीतनं, गळ्यातच बांधली.

हरप्रीतचं कापडाचं दुकान आहे. नांदेडात तिच्याएवढी सायकल चालवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तिच्याच सल्ल्यानं मी गिअरची सायकल घेतली आणि आम्ही दोघी सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडं जायला लागलो. दोन-तीन महिन्यांत माझी शुगर खाली आली. मी भलतीच खूश होते.

लागलं, पण दुखलं नाही

त्या सायकलीला साधी, सपाट पेडलं होती. रुंद, धातूची, आणि बूट घसरू नये म्हणून त्यावर बारीक बारीक काटे. एकदा विष्णुपुरीला चहाला थांबलो तर हरप्रीत माझ्या पायाकडं बघत म्हणाली, "शोभा, हे काय लागलं तुला?"

मी खाली बघितलं. नडगीवर लेगिन फाटलेली. रक्त मोज्यापर्यंत ओघळून वाळलेलं.

"कुठं पडलीस?"

"पडले नाही."

"मग?"

मला सांगताच येईना. हरप्रीतनं वाकून पेडल फिरवलं आणि दाखवलं. काट्यांना माझ्या लेगिनचे धागे चिकटले होते. म्हणजे पाय पेडलवरून घसरला, पेडल गरकन फिरलं आणि नडगीवर बसलं. यातलं मला काहीही कळलं नव्हतं. घसरलेलं नाही आणि लागलेलंही नाही.

आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी मला आनंद झाला. वाटलं, सायकल चालवून आपण काटक झालो. घरी येऊन सरांना पाय दाखवला. "बघा, एवढं लागलं, पण कळलंसुद्धा नाही."

सर म्हणाले, "लई धीट झालीस की."

ती जखम भरायला फार दिवस लागले. ती भरते न भरते तोच दुसऱ्या नडगीवर तसंच झालं. तेव्हा हरप्रीत म्हणाली, "तुझा पाय पेडलवर राहतच नाही. किती वेळा मारून घेणार? तुला क्लिपलेस लावू."

नावापासून घोळ

क्लिपलेस म्हणजे ज्याला क्लिप नाही ते, असं मी समजले. हरप्रीतनं घरी येऊन बूट दाखवला. त्याच्या तळव्याला लोखंडी तुकडा स्क्रूनं बसवलेला. तो पेडलमध्ये दाबला की खटक्यासारखा अडकतो आणि बूट पेडलला घट्ट बसतो.

"मग ही क्लिपच झाली की," मी म्हटलं.

"नाही ना. पूर्वी पेडलवर पट्ट्याची क्लिप असायची. ती यात नाही, म्हणून क्लिपलेस."

"म्हणजे पाय अडकत नाही?"

"अडकतो. जास्तच अडकतो."

सर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." आम्ही तिघंही हसलो. पण हसणं थांबल्यावर सरांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, "पडायला लागली तर पाय सुटणार कसा?"

"टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची," हरप्रीत म्हणाली. "आपोआप सवय लागते."

मला आपोआप सवय लागली नाही. आमच्या गल्लीत शिकताना मी थांबले की बाजूला कलंडायचे, तोडलेल्या झाडासारखी. टाच फिरवली असं डोक्याला वाटायचं, पण पाय अडकलेलाच असायचा. शेवटी मी कानावर भिस्त ठेवली. अडकताना 'कट्' असा आवाज यायचा आणि सुटताना जरा बोथट आवाज. बाजारातल्या गर्दीत ऑटोंच्या कलकलाटात तो ऐकू यायचा नाही, म्हणून तिथं मी सायकल हातात धरून चालायचे.

गावाबाहेर मात्र मजा यायची. पाय घसरायचं नाव नाही. नडग्या स्वच्छ. सरांचीही भीती कमी झाली. मी बूट आवळून बांधायचे. सैल असला की पायात बूट आहे की नाही तेच कळायचं नाही, आणि घट्ट केला की कुठंतरी काहीतरी आहे असं वाटायचं. त्यात काही वावगं आहे हे मला ठाऊक नव्हतं. "पायाची काळजी घ्या," असं डॉक्टर सगळ्यांनाच म्हणायचे. मी त्याचा अर्थ नखं कापा, पाय धुवा, एवढाच घेतला होता.

वास

दिवाळीनंतर आम्ही कंधारपर्यंत जाऊन आलो. माझी तोवरची सगळ्यात मोठी फेरी. किल्ल्याच्या खंदकाशी फोटो काढले, लोकांनी कौतुक केलं. घरी येऊन मोजे काढले तर उजव्याचा तळवा तपकिरी झालेला. बुटाच्या आतला रंग उतरला असं वाटून मोजा साबणात भिजत घातला.

त्यानंतर काही दिवसांनी सर बाहेरच्या खोलीत बसले होते. एकदम म्हणाले, "शोभा, घरात उंदीर मेलाय का?"

आम्ही कपाटं हलवली. गॅसखाली बघितलं. मला कणकण वाटत होती, म्हणून मी दिवाणावर पाय वर घेऊन बसले आणि सर वास घेत घेत फिरायला लागले. फिरत फिरत माझ्याजवळ आले आणि थांबले.

"पाय दाखव."

त्यांनी माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं. वाकून तळवा उजेडाकडं वळवला.

"काय आहे?" मी विचारलं.

"तुला कळंना का?"

आपल्याच पायाचा तळवा आपल्याला धड बघता येत नाही. सरांनी मोबाइलवर फोटो काढून माझ्यासमोर धरला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, खालच्या बाजूला, पिवळट जाड कातडी. तिच्या मधोमध काळं भोक. फोटो दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. मी सरांना विचारलं, "हा माझाच पाय आहे ना?"

मग खरी धावपळ सुरू झाली आणि खरा गोंधळही. एका डॉक्टरांनी भोवरी सांगितली. कापून मलमपट्टी केली की झालं. दुसऱ्यांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं. कॉलेजातल्या एकीनं हळदीचा लेप सुचवला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, अनवाणी चालत जा, जखमेला हवा लागू दे. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि पाय दुखत नव्हता. दुखत नाही म्हटल्यावर कशाची घाई करायची तेच समजेना.

तेजूचा फोन आला. तिनं फोटो बघितला होता. "मम्मी, कुणाचं काही ऐकू नको. लातूरला ये. इथं शुगरच्या पायाचेच डॉक्टर आहेत. उद्याच निघ." आणि मग बारीक आवाजात, "प्लीज."

डोळे मिटा

लातूरचे डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी पाय स्वच्छ पुसला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "ताई, डोळे मिटा. मी तळपायाला कुठंही टोचलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. वाट बघत राहिले. बाहेर नंबर पुकारत होते, एक लहान लेकरू रडत होतं. डॉक्टरांना फोन आला असेल, नाहीतर सिस्टरशी खुणेनं बोलत असतील, असं वाटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, करा की सुरू."

ते म्हणाले, "झालं, ताई."

डोळे उघडले. डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. तेजू भिंतीला टेकून तोंडावर हात धरून उभी. सर फरशीकडं बघत होते.

"तुम्ही लावला होता?"

"दोन्ही पायांना. बऱ्याच ठिकाणी."

"मला तर एकदाही..."

"हो. एकदाही नाही."

त्या क्षणी भीती आली असं लोकांना वाटतं. मला भीती नंतर आली. तेव्हा फक्त गोंधळ होता. मी याच पायांनी जिना चढून वर आले होते. याच पायांनी कंधारला जाऊन आले होते. मी डॉक्टरांना तसं म्हटलंही.

ते म्हणाले, "पाय काम करतात, ताई. फक्त खबर देत नाहीत. शुगरनं पायाच्या नसा गेल्यात." मग त्यांनी बूट मागितला. सरांनी पिशवीत घालून आणला होता. डॉक्टरांनी आत हात घातला आणि एका जागी बोट थांबवलं. "इथं खालून काय बसवलंय?"

मी सांगितलं. तो लोखंडी तुकडा, स्क्रू, पेडल.

"बरोबर त्याच्यावर जखम आहे. वरून घट्ट बूट. प्रत्येक वेळी पाय दाबला की तिथंच दाब. दुसऱ्या कुणाचा असता तर थोड्याच वेळात कळ आली असती, त्यानं बूट काढून फेकला असता."

"पण डॉक्टर," मी म्हटलं, "हे पेडल मी पाय वाचवायलाच घेतलं होतं."

"कशापासून?"

"आधीच्या पेडलपासून."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग एक्स-रे लिहून दिला.

जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. थांबलं तर पुढं किती काढावं लागेल ते सांगता येत नाही. मी सरांकडं बघितलं, सरांनी तेजूकडं आणि तेजूनं माझ्याकडं. कागदावर सही मीच केली. अजून कुणा दुसऱ्याच्याच पायाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर जोडवी काढायला आली. डाव्या पायाचं सहज निघालं. उजव्या पायाचं सुजेत रुतून बसलेलं. ते तिनं कापून काढलं आणि दोन तुकडे माझ्या हातात दिले. मी ते तेजूकडं दिले, तेजूनं सरांकडं, आणि सरांना कुठं ठेवावेत तेच सुचेना. शर्टाच्या खिशात ठेवले. तेव्हा मी रडले. बोटासाठी की जोडव्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

वॉर्डातला दिवस रक्ताच्या थेंबानं सुरू व्हायचा. शुगर बघायला हाताच्या बोटाला टोचलं की मी "आई गं" करायचे. मग पट्टी सोडून जखम धुवायचे, कात्रीनं कातडी कापायचे आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे. सिस्टर म्हणायची, "मॅडम, तुमच्यासारखा पेशंट पाहिजे, हूं का चूं नाही." तिला ते कौतुक वाटायचं. मला ऐकून कसनुसं व्हायचं.

सगळ्यात विचित्र गोष्ट ऑपरेशननंतर झाली. काढलेलं बोट खाजायला लागलं. होतं तेव्हा त्याला काटा टोचलेला कळत नव्हता आणि नाहीसं झाल्यावर ते खाजत होतं. मी तेजूला सांगितलं. ती आधी हसली, मग तिला रडू आलं, मग म्हणाली, "मम्मी, असं होतं. मेंदूला वाटतं बोट आहे." मी म्हटलं, "मेंदूला आधी का वाटलं नाही?"

शेजारच्या कॉटवर निलंग्याकडच्या कलावतीबाई होत्या. उन्हात गच्चीवर पापड घालताना तळपाय भाजले होते आणि त्यांनाही ते संध्याकाळी फोड दिसल्यावरच कळलं होतं. त्यांना माझ्या सायकलीचं नवल वाटायचं.

"सायकलीला पाय अडकवतेत व्हय? अन् मग उतरतेत कसं?"

"टाच फिरवायची."

"टाच फिरली का न्हाई ते कसं कळतंय?"

"आवाजावरून."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे तुमी कानानं सायकल चालवता म्हना की."

दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. सिस्टर ओरडली, तरी आम्ही थांबेना.

हरप्रीत नांदेडहून भेटायला आली. मेथीचे पराठे आणले होते. नजर वर करत नव्हती. पाय बघायचं धाडस तिला होईना. म्हणाली, "ते बूट मीच घ्यायला लावले."

यावर चांगली मैत्रीण काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. मी तसं म्हटलं नाही. मला तिचा राग आला होता, आणि ती आली म्हणून बरंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, "पराठा दे." ती माझ्या कॉटवर बसली. आम्ही दोघींनी मिळून डबा संपवला.

तेजूची खोली

दवाखान्यातून सुटल्यावर रोजच्या ड्रेसिंगसाठी लातूरलाच राहायचं ठरलं. तेजूच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भिंतभर चिकटवलेले तक्ते. पलंग मला मिळाला. ती खाली गादी टाकून झोपायला लागली. उजवा पाय अजिबात टेकायचा नाही. वॉकर घेऊन उड्या मारत न्हाणीपर्यंत जायचं. क्लासहून आली की तेजू हात धुऊन माझी पट्टी बघायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण असं नव्हे.

सर शनिवारी भोकरहून नांदेड, नांदेडहून लोहा-अहमदपूर करत एसटीनं यायचे आणि रविवारी परत जायचे. एका शनिवारी तेजूच्या सराव परीक्षेचे मार्क आले. एकदम घसरलेले. सरांचा बांध फुटला.

"तुझ्या त्या सायकलीपायी पोरीचं वर्ष चाललं."

"सायकलीनं नाही, शुगरनं पाय गेलाय. डॉक्टरनं सांगितलं ते ऐकलं नाही का?"

"शुगर काय मला न्हाई का? माझं बोट गेलं का?"

"मी काय हौसेनं..."

"हौसच होती! दुसरं काय होतं?"

तेजूनं पुस्तक मिटलं. "तुम्ही दोघं भांडून घ्या. पण बाहेर जाऊन. मला उद्याचा धडा करायचाय." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "मम्मीला जाता येत नाही. पप्पा, तुम्ही जा."

सर खरंच बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. थोड्या वेळानं आत आले, पाणी प्यायले आणि मोठी बातमी द्यावी तसं म्हणाले, "सायकलीची दोन्ही पेडलं काढून टाकली मी."

"कुठं ठेवली?"

"सांगणार न्हाई."

मी भिंतीकडं तोंड करून पडले. नांदेडच्या घरात पेडल नसलेली सायकल उभी आहे, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. सरांचं चुकलं असं वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर सायकलच भंगारात दिली असती, हेही. मग मी कोणत्या बाजूची?

तेजूचे मार्क पुढच्या वेळी वर आले. तिनं ते मला आधी सांगितलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर, टेप चिकटवता चिकटवता, सहज सांगितलं.

टेबलावरची पेडलं

जखम भरली. उन्हाळा लागायच्या सुमाराला डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली. नव्या बुटांची मापं घेतली, आत मऊ, तळवा कडक, बोटांपाशी ऐसपैस. मग म्हणाले, "फार चालू नका. पण बसूनही राहू नका. शुगर वाढेल. सायकल चालवलेली चालेल."

सर खुर्चीत सरळ बसले. "काय म्हणालात?"

"चालताना सगळं वजन तळव्यावर येतं. सायकलवर बुडाखाली येतं. नीट चालवली तर सायकल बरी."

"पण पेडल कोणतं?" मी विचारलं.

"ते मला कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी कधी बघितलेली नाहीत. पुढच्या वेळी घेऊन या."

पुढच्या वेळी सर आणि हरप्रीत एकाच गाडीनं आले. सरांनी पेडलं शाळेच्या कपाटात खडूच्या खोक्यामागं दडवली होती, हे मला तेव्हा कळलं. हरप्रीतनं सपाट पेडलं, तिची स्वतःची क्लिपलेस आणि दोन-तीन तऱ्हेचे बूट पिशवीत भरून आणले होते. डॉक्टरांच्या टेबलावर कापूस, कात्र्या आणि ट्रेच्या मधोमध ते सगळं मांडलं. दारातून पेशंट डोकावायला लागले.

डॉक्टरांनी सपाट पेडलच्या काट्यांवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा अंगठ्यावर खड्डे उमटले होते. मग बुटात हात घालून दुसऱ्या हातानं तो लोखंडी तुकडा खालून दाबला.

"हे बाहेरून मारतं," ते म्हणाले. "आणि हे आतून."

"मग कोणतं घेऊ?"

"बाहेरून मारलेलं निदान दिसतं."

हरप्रीतला ते पटलं नाही. "पण डॉक्टरसाहेब, पाय सटकला आणि ती रस्त्यात पडली तर? मागून ट्रक असला तर? हा तुकडा मागं सरकवता येतो. बूट दोन नंबर मोठा घेता येतो. सगळा दोष पेडलचा नाही."

"तेही खरं आहे," डॉक्टर म्हणाले.

फिजिओथेरपीच्या मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, बोट गेल्यामुळं माझं पाऊल आता थोडं बाहेर वळतं. एकाच कोनात अडकवून ठेवलं तर उद्या गुडघा धरेल. पाय मोकळा हवा. हरप्रीत म्हणाली, त्यालाही थोडी ढील देता येते. मॅडम म्हणाल्या, असेल बाई. सर म्हणाले, घरात फिरवायची सायकल आणू, रस्त्यावर जायचंच कशाला? तेही खोटं नव्हतं. सगळे बरोबर बोलत होते आणि पाय माझा होता.

मी तो लोखंडी तुकड्याचा बूट बाजूला सारला. मग म्हटलं, "अडकवायचं नाही. मला आत काय चाललंय ते कळत नाही, तर आत काही नको." हे बोलताना मला खात्री होती असं समजू नका. कुणीतरी ठरवायला हवं होतं, एवढंच.

शेवटी जमलं ते असं. रुंद सपाट पेडलं, पण काटे नसलेली, वर रबर. दवाखान्यातले बूट. नडग्यांना फुटबॉलवाल्या पोरांचे पॅड. पेडलवर पंजा टेकवायचा नाही, पावलाचा मधला भाग टेकवायचा. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि घरी आलं की तळव्यांचा फोटो काढून बघायचा. हे माझं झालं. हरप्रीत आजही पाय अडकवून चालवते, आणि तिच्यासाठी तेच बरोबर आहे. तिचा पाय तिच्याशी बोलतो. तुम्हाला शुगर असेल तर पेडलचं दुकान गाठायच्या आधी पायाच्या डॉक्टरकडं जा, एवढं एक मी गोंधळ न करता सांगू शकते.

पुन्हा रस्त्यावर

नांदेडला परत आल्यावर सरांनीच पेडलं बसवली. पाना उलटा फिरवत होते. काढताना त्यांनी ती सायकलवाल्याकडून काढून घेतली होती, म्हणून डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे त्यांना अर्धा तास कळलं नाही. मी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी कॉलनीतल्या कॉलनीत फिरले. दुसऱ्या दिवशी पाय घसरला. रबर ओलं होतं. पॅडमुळं लागलं नाही, पण घसरलेलं मला कळलं नव्हतंच. पाय हवेत होता आणि मी आपली पेडल मारतेय असं समजत होते. घरी येऊन मी सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच पायरीवर बसले. वाटलं, हरप्रीतचं खरं होतं. वाटलं, सरांचं खरं होतं. एवढं करून मी पहिल्या जागीच येऊन थांबले.

सर आतून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या साळवेंची सायकल मागून घेऊन दारात उभे. पँटला खाली रबरबँड लावलेले.

"तुम्ही कुठं?"

"तू पुढं हो. मी मागून बघतो."

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. सरांनी कित्येक वर्षांत सायकल चालवली नव्हती. त्यांना दम लागत होता, चेन करकरत होती, पण डोळे माझ्या पायांवर. थोड्या थोड्या वेळानं मागून हाक यायची, वर्गात द्यावी तशी.

"उजवा पुढं चाललाय!"

मी पाय मागं घ्यायचे.

"एवढा न्हाई. हां. बस."

आणि मग, "डावा बाहेर! डावा!"

सिग्नलला थांबलो. शेजारी एक ऑटो उभा होता. ऑटोवाल्यानं माझे नडगीचे पॅड बघितले, घामानं निथळणाऱ्या सरांना बघितलं आणि हसून म्हणाला, "काय काका, या वयात काकूला सायकल शिकवून राहिले का?"

सरांना बोलायला दम नव्हता. हँडलवर ओणवे होऊन त्यांनी श्वास घेतला.

"न्हाई बाबा," ते म्हणाले. "मीच शिकून राहिलो."

सिग्नल सुटला. मी उजवा पाय उचलून पेडलवर ठेवला आणि तो बरोबर बसला की नाही, हे ऐकायला क्षणभर थांबले.

"बसला," सर म्हणाले. "चल."